पाच किलोंचा देव

नजरेने आणि हाताने वजन सांगण्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांची बरोबरी करणारा माणूस पालघर तालुक्यात झालेला नाही, आणि आता घरोघरी आकडे दाखवणारे काटे आल्यामुळे पुढे होण्याचं काही कारणही उरलेलं नाही. हे मी नात्याखातर म्हणत नाही. बोईसरच्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं. वॉशरपासून पिंपापर्यंत जे आत आलं आणि जे बाहेर गेलं ते सगळं लिहून ठेवलं, आणि लिहून ठेवल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची मला सवय नाही. भावोजींचे अंदाजही मी बरीच वर्षं एका वहीत लिहीत होते. डाव्या रकान्यात त्यांनी सांगितलेला आकडा, उजव्या रकान्यात काट्याचा. दोन्ही रकाने वर्षानुवर्षं इतके सारखे निघू लागले की शेवटी मी उजवा रकाना भरायचा सोडून दिला. माझ्यासारख्या बाईने असं करायला नको होतं, पण ती गोष्ट पुढे येईल.

भावोजी आमच्याच कारखान्यात फाटकाजवळच्या वजनकाट्यावर होते. ट्रक भरलेला असताना एकदा तोलायचा, रिकामा असताना एकदा तोलायचा, मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करायचा आणि उरलेला निव्वळ माल पावतीवर लिहायचा, एवढंच त्यांचं काम. तीस वर्षं रोज हेच केल्यामुळे ती वजाबाकी त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की जगातली कुठलीही वस्तू त्यांना आधी भरलेली दिसे, मग रिकामी दिसे आणि मगच ती खरी काय आहे ते कळे. ताईच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याच्या बुडाला त्यांनी ऑइल पेंटने त्या रिकाम्या डब्याचं वजन लिहून ठेवलं होतं. पातेल्यांनाही तेच, झाऱ्यालाही तेच. एकदा त्यांच्या मुलीच्या, मनीषाच्या वाढदिवसाला आलेल्या एका बाईंनी खिरीचं पातेलं उचलताना खाली चारशे दहा हा आकडा पाहिला आणि ही भांडी कुठल्या तरी खानावळीतून आणलेली आहेत असा त्यांचा समज झाला. ताई अजून तो प्रसंग आठवून कपाळाला हात लावते. भावोजींचं म्हणणं असं, की त्या बाईंनी खीर दोनशे ग्रॅम घेतली आणि टीका अर्ध्या किलोची केली.

काट्यावरचे त्यांचे नियम कडक होते. सकाळी पहिली गाडी घेण्याआधी ते स्वतः काट्याच्या चारही कोपऱ्यांवर एकेकदा उभे राहात आणि चारही ठिकाणी आकडा सारखा आला तरच फाटक उघडायला सांगत. पहिला तोल ओळखीच्या वजनाचा, हे त्यांचं तत्त्व होतं. ट्रकवाल्यांच्या युक्त्या त्यांना पाठ होत्या. माल घेऊन आलेल्या गाडीत क्लीनरला सीटमागे निजवून तोलायचं आणि परत जाताना रिकामी गाडी त्याच्याशिवाय तोलायची, म्हणजे एका माणसाच्या वजनाचा माल कागदावर फुकट वाढतो. भावोजी गाडी काट्यावर चढताना होणारा आवाज ऐकत आणि खिडकीतून शांतपणे विचारत, “उस्ताद, पीछे जो सो रहा है, वो सिमेंट का है या सोडा का?” मग सीटमागून एक पोरगेला क्लीनर डोळे चोळत बाहेर येई आणि सगळे हसत. तक्रार त्यांनी कधी कुणाची केली नाही. उतरवून घ्यायचं आणि पुन्हा तोलायचं, बस.

माणसांनाही यातून सुटका नव्हती. माझा मुलगा झाला तेव्हा दवाखान्यात त्याला बघायला आलेल्या भावोजींनी त्याला दोन्ही हातांवर घेतलं, जरा वर-खाली केलं आणि म्हणाले, “दोन आठशे. दुपट्याचे शंभर सोडून.” नर्सने लिहिलं होतं दोन नऊशे. भावोजींनी इतक्या नम्रपणे आणि इतक्यांदा विनंती केली की तिने वैतागून मुलाला पुन्हा तोललं, या वेळी दुपट्याशिवाय, आणि मुकाट्याने कागदावरचा आकडा बदलला. बोईसर स्टेशनवरच्या दिवे लुकलुकणाऱ्या वजनयंत्राशी त्यांचं उघड वैर होतं. त्यातून येणाऱ्या तिकिटाच्या मागे भविष्य छापलेलं असे. ते त्यांनी आयुष्यात वाचलं नाही. ते तिकीट घेऊन ते स्टेशन मास्तरांकडे जात आणि यंत्र आज पाऊण किलो जास्त दाखवतंय अशी तोंडी नोंद देत. मास्तर सज्जन होते. ते म्हणत, “बरं, कळवतो वर.”

आता देवाचं सांगायला हवं. आमच्या स्टोअर्समध्ये पूर्वी पारड्यांचा मोठा तराजू होता. घड्याळासारखी तबकडी असलेला नवा काटा आला तेव्हा जुनी लोखंडी वजनं बाद झाली. बाद वस्तूंची यादी मीच केली होती. तिच्यातलं एक पाच किलोंचं वजन भावोजींनी रीतसर अर्ज करून मागून घेतलं. षटकोनी, काळं, बुडाला शिशात मारलेला सरकारी ठसा, आणि त्याच वर्षी तपासून आलेलं. घरी नेऊन त्यांनी ते देवघरात अन्नपूर्णेच्या शेजारी ठेवलं. ताई म्हणाली, भंगार देवात कशाला? त्यावर ते म्हणाले, “अगं, आपल्या देवघरात सरकारने तपासून घेतलेला हा एकच आहे.” त्या वेळी त्यांची आई होती. म्हातारीला मुलाच्या नोकरीतलं फार काही कळत नव्हतं, पण ज्याच्यावर घर चालतं त्याची पूजा करायची एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. खंडेनवमीला तिने तेलात शेंदूर कालवला आणि त्या वजनाला हाताने जाड लेप दिला. तेव्हापासून दर खंडेनवमीला त्याला शेंदूर लागत गेला. वीस-बावीस वर्षांत त्याचे सहा कोपरे कुठे गेले ते कळेना. गोल, केशरी, तुळतुळीत असा तो देव झाला आणि घरातले सगळे त्याला पाच किलोंचा देव म्हणू लागले.

मग कारखान्यात आकडे आपोआप छापणारा नवा वजनकाटा बसला. त्याला चार कोपऱ्यांवर उभा राहणारा माणूस नको होता. भावोजींनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. कुणी त्यांचा अपमान केला नाही, निरोप समारंभ झाला, नारळ मिळाला. भावोजींनी तो नारळ हातात घेतला आणि त्याचं वजन सांगितलं नाही. ताईने त्याच संध्याकाळी मला फोन करून हे कळवलं. पुढे पाच-सहा महिने ते कशाचंच वजन सांगेनात. डब्याबुडाचे आकडे घासून पुसट झाले तरी पुन्हा रंगवेनात. ताई मला म्हणे, “पूर्वी बडबड करायचे तेव्हा डोकं उठायचं. आता तीन किलोंचा फ्लॉवर आणून ठेवला तरी बघत नाहीत गं.”

अशा वेळी त्यांची मुलगी मनीषा स्पर्धेचा कागद घेऊन घरी आली. ती डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. पालघरच्या एका कॉलेजात तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी रोबोंची स्पर्धा होती. रोबो म्हणजे माणसासारखा दिसणारा पुतळा नव्हे. चाकांवर चालणारं, वायरीच्या टोकाला असलेल्या बटणांच्या डब्यावरून चालवायचं यंत्र. त्याने लाकडाच्या चार पायऱ्या चढायच्या आणि वर एक ठोकळा ठेवायचा. नियम मोजून अकरा होते. त्यातला चौथा असा, की बॅटरीसह यंत्राचं वजन पाच किलोंपेक्षा जास्त असलं तर ते मैदानात उतरवता येणार नाही. वायर आणि बटणांचा डबा त्यात धरायचा नाही. मनीषाने कागद वडिलांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, “बाबा, बाकीचं आम्ही बघतो. चार नंबरचा नियम तुमचा.” मुलगी हुशार आहे. भावोजींनी चष्मा लावला, चौथा नियम वाचला, देवघराकडे पाहिलं आणि पुन्हा वाचला. पाच किलो. संध्याकाळी त्यांनी डब्यांचे आकडे रंगवायला घेतले, असा ताईचा फोन आला.

मनीषाच्या जोडीला मनोरहून एस.टी.ने येणारा जयेश नावाचा वर्गमित्र होता. दोघांनी मिळून केलेलं पहिलं यंत्र पायऱ्या झकास चढलं. भावोजींनी हातांवर तोललं तेव्हा सात किलो तीनशे ग्रॅम भरलं. भावोजी रोबो हा शब्द वापरत नसत. “गाडी ओव्हरलोड आहे,” म्हणाले, आणि मला बोलावणं धाडलं. म्हणाले, “स्टोअरवाल्या बाई, वही घेऊन या. हिचं पथ्य सुरू करायचंय.”

पुढचे तीन महिने दर रविवारी मी त्यांच्याकडे असे. सुट्या भागांची यादी माझी: क्रमांक, भाग, आधीचं वजन, नंतरचं वजन, शेरा. लोखंडी अँगलचा सांगाडा काढून सरकत्या खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या, नऊशे ग्रॅम वाचले. मोटारसायकलची बॅटरी काढून मोपेडची घेतली, आठशे. ठोकळा उचलणाऱ्या हाताची मोटार ट्रकच्या वायपरची होती, तिच्या जागी भंगारातल्या झेरॉक्स मशीनची लहान मोटार, तीनशे. मग लठ्ठ खर्च संपले आणि चिल्लर उरली. चव्वेचाळीस बोल्टांची नटाबाहेर आलेली टोकं मी स्वतः बसून कापून घेतली. जयेशने पट्ट्यांना भोकं पाडायला सुरुवात केली, ती इतकी पाडली की ताई म्हणाली, स्पर्धा झाली की हे मला चहा गाळायला द्या. भावोजी प्रत्येक भोकातून निघालेला कीस कागदावर गोळा करून तोलत आणि मला आकडा सांगत. भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ. कित्येक महिन्यांनी माणूस रंगात आला होता.

अख्खं यंत्र तोलायला मोठा तराजू हवा होता. तो दातिवऱ्याच्या हिरूबाईने दिला. ती बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसे, आणि तिच्या तराजूची दांडी सरळ आहे की नाही यावरून भावोजींचं तिच्याशी पंधरा वर्षं भांडण चालू होतं. तराजू आपला आहे तर वापरतात कसा ते बघायला ती स्वतःच घरी आली. छताच्या कडीला तराजू टांगला. एका पारड्यात मनीषाचं यंत्र ठेवलं. दुसऱ्यात काय ठेवायचं याचा भावोजींना प्रश्नच नव्हता. त्यांनी हात धुतले, देवघरातून पाच किलोंचा देव उचलला आणि पारड्यात बसवला. ताईला ते बरं वाटलं नाही. देव तराजूत घालतात का, असं तिने विचारलं. ते म्हणाले, तो तराजूतलाच आहे, माहेरी आलाय. हिरूबाई तोंडाला पदर लावून बघत होती. ती म्हणाली, “भाऊ, तुमी समोर देवालाच बसवला, मंग गाडी हलकीच होनार ना. देव कंदी हलका असतो काय?” आम्ही सगळे हसलो. भावोजीही हसले. त्या खोलीत त्या दिवशी खरं बोललेली ती एकटीच होती.

शेवटच्या रविवारी यंत्राचं पारडं देवापेक्षा केसभर वर राहिलं. भावोजींनी दांडीवरचा काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला, मग म्हणाले, झालं. मी यादीची बेरीज केली. सव्वीस भागांची बेरीज पाच किलो साठ ग्रॅम येत होती. मी दोनदा केली. मग त्यांना दाखवली. ते म्हणाले, “सव्वीस वेळा वेगवेगळं तोललं की सव्वीस वेळा दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे होतात. एकदम तोललेलं खरं.” हे म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. तरी त्यांनी यंत्र एकदा दोन्ही हातांवर घेतलं, वर-खाली केलं, आणि त्यांच्या कपाळावर एक आठी आली. मी विचारलं, काय? ते म्हणाले, काही नाही. त्यांनी यंत्र खाली ठेवलं आणि देवाकडे पाहिलं. मीही वही मिटली. त्यांचा आकडा कधी चुकला नव्हता आणि उजवा रकाना मी केव्हाच सोडला होता.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही बोईसरहून एस.टी.ने पालघरला गेलो. यंत्र मनीषाच्या मांडीवर, बटणांचा डबा जयेशच्या, यादी माझ्या, आणि भावोजींच्या मांडीवर धुतलेल्या पंचात गुंडाळलेला देव. परक्या काट्यावर पहिला तोल ओळखीच्या वजनाचा, हा नियम ते कसा मोडणार? कॉलेजच्या सभागृहात एका टेबलावर आकडे दाखवणारा काटा होता आणि त्यामागे एक तरुण, शांत प्राध्यापक. आमची पाळी आली. गर्दी बघून मनीषाने घाईने यंत्रच आधी काट्यावर ठेवलं. लाल आकडे थोडे हलले आणि थांबले. पाच किलो साठ ग्रॅम.

माझ्या वहीतला आकडा. तो मी ओळखला आणि वही मिटलेलीच ठेवली.

प्राध्यापक म्हणाले की त्यांना वाईट वाटतं, पण साठ ग्रॅम जास्त आहेत. हवं तर वीस मिनिटं आहेत, काही कमी करता आलं तर करा, नाहीतर यंत्र बाहेर ठेवावं लागेल. मनीषाने वडिलांकडे पाहिलं. भावोजी अगदी शांत होते. काट्यावर फाटकातून येणाऱ्या ट्रकवाल्याशी ते ज्या आवाजात बोलत त्याच आवाजात त्यांनी प्राध्यापकांना सांगितलं की गाडीत काही जास्त नाही, काटा जास्त दाखवतोय, आणि तसं दाखवता येईल. त्यांनी पंचा सोडला. प्राध्यापकांनी तो केशरी गोळा पाहिला आणि खुर्ची जरा मागे सरकवली. मागच्या रांगेतलं कुणी तरी म्हणालं, नारळ आणलाय का हो बरोबर? भावोजींनी देवाला कपाळाशी नेलं आणि काट्यावर ठेवलं. पाच किलो अडुसष्ट ग्रॅम.

“बघा,” भावोजी म्हणाले. “हे पाच किलो आहे. शिक्क्याचं. तुमचा काटा अडुसष्ट ग्रॅम जास्त धरतो. आमची गाडी त्याहून आठ ग्रॅम हलकी आहे.”

हिशेबात कुठेही खोट नव्हती. रांगेतली मुलंसुद्धा आपापल्या यंत्रांकडे बघू लागली, कारण काटा चुकत असेल तर सगळ्यांचीच यंत्रं पुन्हा तोलावी लागणार होती. प्राध्यापक वाद घालणारे नव्हते. त्यांनी टेबलाच्या खणातून लाकडी पेटी काढली. तिच्यात मखमलीच्या खाचांत बसवलेली पाच पितळी वजनं होती, एकेक किलोची. त्यांनी देव उचलून अदबीने पंचावर ठेवला आणि ती वजनं एकेक करून काट्यावर मांडली. एक किलो. दोन. तीन. चार. पाच किलो, शून्य शून्य शून्य.

भावोजींनी ते आकडे पाहिले. मग देवाला हातात घेतलं आणि अंगठ्याच्या नखाने त्याच्या बुडाशी जरा खरवडलं. कवडीएवढा एक पापुद्रा निघाला. त्याच्या कडेला झाडाच्या खोडात दिसतात तसे थर होते, एकावर एक. इतकी वर्षं ते दुसऱ्यांच्या गाड्यांतले लपवलेले क्लीनर उतरवत आले होते. पंचा अंथरून त्यांनी देवाला त्यात ठेवलं, पापुद्रा त्याच्याच शेजारी ठेवला, आणि प्राध्यापकांना म्हणाले, “तुमचा काटा बरोबर आहे. माझं वजन चुकलं.”

तीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मनीषाला रडू फुटतं की काय असं मला वाटलं, पण ती त्यांची मुलगी आहे. ती म्हणाली, “मावशी, यादी.”

मी यादी उघडली आणि साठ ते शंभर ग्रॅममधले भाग वाचू लागले. क्रमांक सात, हाताचा पंजा, नव्वद. तो काढून ठोकळा कशाने धरायचा? क्रमांक अकरा, बॅटरीचा पट्टा, पासष्ट. तो काढला तर बॅटरी घरंगळणार. क्रमांक एकोणीस, मागचं आधाराचं चाक, फ्रेमसकट बहात्तर. जयेश म्हणाला, “त्ये काडलं तर पायरीवं मागं पडंल.” मनीषा म्हणाली, “पडेल तेव्हा पडेल. आधी आत तर जाऊ दे.” तिने पाना घेतला. चाक सुटून आलं तेव्हा ते ठेवायला तिला हात मोकळा नव्हता, म्हणून तिने ते मागे न बघता वडिलांच्या हातात दिलं. भावोजींनी ते घेतलं आणि सवयीने, कुणाला उद्देशून नाही, हळूच म्हणाले, “बहात्तर.”

काट्याने चार किलो नऊशे अठ्ठ्याऐंशी दाखवलं. प्राध्यापकांनी यंत्रावर पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली. भावोजींनी त्या चिठ्ठीचंही वजन विचारात घेतलं असणार.

यंत्र पहिल्या तीन पायऱ्या नीट चढलं. चौथीवर पुढची चाकं टेकली, हात उचलला गेला, ठोकळा वर जाऊ लागला आणि सगळं मागे कलंडलं. जयेश म्हणाला होता तसंच. निकालात आम्ही खालून दुसरे आलो. मनीषा फारशी नाराज नव्हती. मैदानात उतरली होती, तीन पायऱ्या चढली होती, आणि चौथीवर काय कमी पडलं हे तिला ग्रॅममध्ये माहीत होतं. परत येताना एस.टी.त ती जयेशला सांगत होती की पुढच्या वेळी मोटार बदलायची, चाक नाही. भावोजी खिडकीशी बसले होते. देव मांडीवर, चाक शर्टाच्या खिशात. उमरोळी गेल्यावर ते मला म्हणाले, “त्या रविवारी हाताला जास्त लागत होतं. साठेक ग्रॅम. पण समोर देव होता.” मी म्हटलं, माझी बेरीजही बरोबर होती. ते म्हणाले, हो, पाहिलं मी.

भावोजी हिरूबाईला तराजू परत करायला गेले तेव्हा त्यांनी स्वतःच तिला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की शेजारची बोंबीलवाली उठून विचारायला आली. मग हिरूबाई म्हणाली, “आमी तराजूच्या दांडीला कुकू लावतो, भाऊ. वजनाला लावीत नाय. लावला असता तं तुमीच मला पोलिसात दिली असती.” भावोजींनी ते मान्य केलं, आणि पंधरा वर्षांचं भांडण त्या दिवशी संपलं. ताई म्हणते, तेव्हापासून ती त्यांना निवडून बोंबील देते आणि ते तोलून बघत नाहीत.

मला वाटलं होतं की घरी गेल्यावर ते पहिल्यांदा देवाचा शेंदूर खरवडून काढतील. ताईलाही तीच भीती होती. त्यांनी तसं काही केलं नाही. निघालेला पापुद्रा तेलाने पुन्हा जागेवर बसवला. देवाला माझ्या स्टोअर्समध्ये आणून नव्या काट्यावर दोनदा तोललं, आणि पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर त्यांच्या त्या पावतीच्या अक्षरात लिहून तो पुठ्ठा देवघरात देवामागे उभा केला. भरलेली गाडी, पाच किलो अडुसष्ट ग्रॅम. वजा शेंदूर, अडुसष्ट ग्रॅम. निव्वळ, पाच किलो. आता खंडेनवमीला ते देवावर फक्त एक झेंडूचं फूल ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी उचलतात. मनीषा तारापूरला नोकरीला लागली, तिच्या टेबलावर ते आधाराचं चाक कागदांवर दाब म्हणून ठेवलेलं असतं. भावोजी पुन्हा सगळ्यांची वजनं सांगू लागले आहेत. मीही वही काढली आहे, आणि या वेळी दोन्ही रकाने भरते.

मागच्या खंडेनवमीला मी त्यांच्याकडे गेले होते. आरती झाल्यावर ते देवाला पंचाने पुसत बसले होते. मी न राहवून विचारलं की एवढं सगळं झाल्यावर शेंदूर काढून का टाकला नाही, म्हणजे तो पुठ्ठाही लागला नसता. ते पुसत राहिले. मग म्हणाले, “खालचे पहिले तीन थर आईच्या हातचे आहेत.”

मी स्टोअरमधली बाई. वही पिशवीतच होती. तोंडून निघून गेलं, ते किती भरतील?

भावोजींनी देवाला दोन्ही तळहातांवर घेतलं. माझ्या मुलाला घेतलं होतं तसंच, जरा वर, जरा खाली. मी पेन उघडून थांबले. ताईही स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. मग त्यांनी देवाला जागेवर ठेवलं, पुठ्ठा सरळ केला आणि म्हणाले, “तेवढं नाही सांगता येत गं.”